चार दाती राक्षस

"मी काय मरत न्हाई!" गोदाआत्या ओरडली, आणि इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खाली पडलं आणि, खोटं सांगत नाही, नारायणगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. "पंधरा मानसं कापून त्या घाटातनं वर आली म्या. आन् ह्यो लाकडाचा ठोकळा मला सांगनार, मर म्हनून?"

ठोकळा घोंगडीच्या मधोमध पडला होता आणि त्याच्यावर आलेला आकडा एक होता. एक पडला की त्या माणसाचा खेळ संपला, असं माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. मी पुस्तक उघडून आत्याला ते पान दाखवलं. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तिनं पान नीट निरखून पाहिलं, पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर बसली.

हा काय प्रकार होता ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की पिंपळवंडीत आमच्या घरी रोज मुडदे पडत होते. मी दीड वर्ष पुण्यात कॉलेजला होतो आणि तिथून दोन वस्तू घेऊन परत आलो. एक, चार विषयांत नापास झाल्याचा कागद. दुसरी, एक जाडजूड पुस्तक. वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगा होता, त्याच्या मामानं ते अमेरिकेहून पाठवलं होतं आणि त्याला ते वाचायचा कंटाळा होता. त्यात एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. चारपाच माणसांनी बसायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक सोंग घ्यायचं. कुणी सरदार, कुणी चेटकीण, कुणी चोर. पुढं दरी आली की सांगणारा विचारणार, काय करतोस? तुम्ही म्हणणार, उडी मारतो. उडी जमली की नाही ते फासा सांगणार, आणि तिथून गोष्ट पुढं सरकणार. मी ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन एकशे अकरा वेळा वाचलं. आईचा अंदाज चार वेळा असा आहे, पण आई दिवसभर शेतात असायची.

त्या पुस्तकातले किल्ले, बर्फ आणि आग ओकणारे सरडे मला काही आपले वाटले नाहीत. बर्फ मी पाहिला होता तो फक्त लग्नात, सरबतातला. म्हणून मी सगळं इकडं आणलं. नाणेघाटात वाटेच्या कडेला जो दगडी रांजण आहे त्यात एक राक्षस राहतो, घाट चढून येणाऱ्या तांड्याला अडवतो आणि टोल मागतो, अशी गोष्ट रचली. आईचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, नाचणी आणि भाताच्या मुलखात. तिनं राक्षसाला लगेच मान्यता दिली. फक्त म्हणाली की तो रांजणात उकिडवा बसत असणार, तेव्हा त्याचे गुडघे दुखत असतील, ते ध्यानात ठेव. आजवर मला मिळालेल्या सल्ल्यांत इतका कामाचा सल्ला दुसरा नाही.

अडचण फाशाची होती. पुस्तकातला फासा वीस तोंडांचा. तसला फासा तेव्हा पुण्यातसुद्धा मिळत नव्हता. मी आमच्या सुतारमामांकडं बाभळीचा तुकडा घेऊन गेलो आणि वीस तोंडं पाडून मागितली. मामांनी तासणी खाली ठेवली. म्हणाले, "ईस? आरं रावनाला बी धाच व्हती." तरी त्यांनी करून दिला. आठवडाभर दुसरं काम केलं नाही, दोन नांगर अडले, एका लग्नातला पाट राहिला. आणि तो फासा पहिल्याच दिवशी आत्याला मारून बसला.

आत्या लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत आली होती. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि तिला विचारायची छाती असलेला माणूस जुन्नर तालुक्यात जन्माला आला नव्हता. त्या दुपारी ती पुस्तकावर बसूनच शेंगोळी जेवली. हुलग्याची शेंगोळी, वर लसणाचा ठेचा, सोबत बाजरीची भाकरी. जेवून हात धुतल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "त्या ठोकळ्याशी बोलता येत न्हाई. ज्याच्याशी बोलता येत न्हाई त्याचं म्या का म्हनून ऐकायचं?" परवा एका मुलानं माझी मुलाखत घेतली, मोबाइलवर. त्यानं विचारलं, सर, तुमच्या सगळ्या खेळांत फासा का नाही? मी त्याला फार मोठं, अवघड उत्तर दिलं, पाऊण तास. खरं उत्तर आत्यानं हात पुसता पुसता दिलं होतं.

आता आबांकडं येतो. आबा, म्हणजे माझे वडील, बेल्ह्याच्या बाजारात गुरांची दलाली करायचे. शेत होतं, पण त्यांचा जीव बाजारात. शेजारच्या दहा गावांत बैल घ्यायचा म्हटला की आधी आबांना बोलवायचे. बैलाच्या तोंडात बोट घालून दात बघितले की आबा त्याचं वय सांगायचे, आणि त्याची आई कुणाच्या दावणीची ते पण सांगायचे. बैलाच्या आजीचं नाव सांगितल्याचं मी एकदा ऐकलंय. असल्या माणसाचा एकुलता एक मुलगा कॉलेजात नापास होऊन घोंगडीवर राक्षस खेळवत बसलेला. त्यांनी कुणाकुणाला सांगून साखर कारखान्यावर माझी सोय लावली होती. वजनकाट्यापाशी उभं राहायचं आणि उसाच्या गाड्यांचे नंबर लिहायचे. त्यांनी शब्द दिला होता. मला म्हणाले, बॉयलर पेटला की तू काट्यावर. बॉयलर पेटला म्हणजे उसाचा हंगाम सुरू झाला, आणि त्याला तेव्हा दीडएक महिना होता.

मी काट्यावर जाणार नव्हतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला त्या जागी दुसरं काही दाखवावं लागतं आणि माझ्याकडं दाखवायला आत्याच्या बुडाखाली सपाट झालेलं पुस्तक होतं. पण मनात ठरलं होतं. हा खेळ आपल्या माणसांनी खेळण्यासारखा करायचा, आणि आयुष्यभर हेच करायचं. मी फाशाच्या जागी चिंचोके घेतले, कवड्या घेतल्या, काड्या ओढून बघितल्या. आत्या सगळ्यांतच मेली आणि एकदाही मरायला तयार झाली नाही. एक खेळ तर मी कोंबडीवर बेतला. ती उजवीकडं गेली तर तलवार लागली, डावीकडं गेली तर चुकली. कोंबडी तीन तास जागची हलली नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी आबांनी मला पिकअपमध्ये पुढं बसवून बेल्ह्याला नेलं. एका पावण्याची म्हैस घ्यायची होती आणि दावं धरायला माणूस हवा होता. बेल्ह्याचा बाजार मी लहानपणापासून बघत होतो, म्हणजे बघतच नव्हतो. धूळ, शेण, टेंपोचे हॉर्न, घुंगरं, कढईतून निघणारी भजी, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या मधे दोन माणसं अगदी गप्प उभी. त्यांच्या हातांवर टॉवेल टाकलेला. टॉवेलाखाली हातात हात. एक जण बोट दाबतो, दुसरा मान हलवतो, दोन बोटं दाबतो. आकडा तोंडानं बोलायचा नाही, तो फक्त त्या दोघांच्या बोटांना कळतो. आणि तोंड मात्र मोकळं. तोंडानं म्हणायचं, काय राव, गळा कापता का, माझी पोरं काय खातील. बोटं वेगळंच बोलत असतात. आबा टॉवेलाखाली हात घालून पावण्याच्या चार पिढ्यांची चौकशी करत होते आणि मी दावं धरून उभा होतो. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. हा फासा. हा बोलतो. ह्याच्याशी भांडता येतं. मी इतक्या जोरात उडी मारली की म्हैस उधळली आणि तिला पकडायला निम्मा बाजार पळाला. काहीजण सांगतात की ती दोन पावलं मागं सरली, एवढंच. ते तिथं नव्हते.

पुढच्या बाजाराला मी स्वतःहून गेलो आणि जोडीला शेजारच्या दिगूला घेतलं. दिगू माझ्याच वयाचा, ट्रॅक्टर चालवायचा आणि माझ्या खेळात कायम चोर व्हायचा. बाजाराच्या कडेच्या चिंचेखाली दिगू आणि त्याचे दोन चुलतभाऊ बसवले, टॉवेल टाकला आणि नवा खेळ सुरू केला. तो रंगला. पहिल्यांदा रंगला. मी राक्षस, ते तांडेवाले, टॉवेलाखाली बोटं आणि वर नुसता आरडाओरडा. आणि रंगात आल्यावर मी ती चूक केली, जिच्यासाठी दलालाच्याच घरात जन्म घ्यावा लागतो.

बोटांची भाषा बाजारात सगळ्यांना ठाऊक असते. पण आबांची एक खूण त्यांच्या गिऱ्हाइकांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हती. बोलणी चालू असताना आबांनी डाव्या हातानं टोपी मागं सारली, की गिऱ्हाइकानं गप्प राहायचं. म्हणजे, थांब, समोरचा आता उतरणार आहे. घरात मी ती खूण शंभरदा ऐकली होती. चिंचेखाली मला एक डाव कमी पडत होता आणि मी तो तिथून उचलला. मोठ्यानं, चारदा समजावून, दिगूचा धाकटा चुलतभाऊ जरा मंद होता म्हणून पाचव्यांदा, टोपी घालून आणि सारून दाखवून मी शिकवलं, की टोपी मागं सरली की समजायचं, समोरचा मोडला. झाडाच्या पलीकडच्या अंगाला एक माणूस आपली बैलजोडी घेऊन सावलीला बसला होता. तो सगळं ऐकत होता. तासाभरानं त्याच्याच जोडीचं बोलणं आबांकडं आलं. आबांनी टोपी मागं सारली. तो माणूस हसला, टॉवेलातून हात काढला, दावं उचललं आणि बाजारभर सांगत सुटला, की हे टोपी सारतात त्याचा अर्थ काय, ते ह्यांचं पोरगं चिंचेखाली फुकट शिकवतंय, जा, शिकून घ्या.

आबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.  घरी आल्यावर टोपी काढून खुंटीला लावली आणि बोडक्यानं जेवायला बसले. आईनं मासवडी केली होती, आबांना मासवडी फार आवडायची. त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि ताट सरकवलं. म्हणाले, "माझ्या टॉवेलात आता कोन हात घालनार? तू काट्यावर जा, बाबा. तिथं गुपित कायबी नसतंय." आणि पुढच्या आठवड्यात ते बाजाराला गेले नाहीत. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच. बाजाराच्या दिवशी सकाळभर ते ओट्यावर बसून होते. रस्त्यानं गुरांचे टेंपो जात होते आणि प्रत्येक टेंपोला ते नुसती मान हलवत होते.

मी इथं मोठ्या गमजा मारतो, पण त्या दिवशी मला रडू आलं हे लिहून ठेवतो. रडून झाल्यावर मी दिगूच्या मोटारसायकलवर बेल्ह्याला गेलो. आबांच्या बरोबरीचे सातआठ दलाल चहाच्या टपरीपाशी बसलेले असतात, त्यांच्यासमोर उभा राहिलो. सांगितलं की गुन्हा माझा आहे, आबांचा नाही, आणि आबांनी आता नवी खूण ठरवलीय आणि ती मलासुद्धा सांगितलेली नाही. दुसरी गोष्ट मी जागच्या जागी बनवली होती. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा दलाल बशीतला चहा संपेपर्यंत माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुला सांगितली न्हाई ना? मंग हरकत न्हाई." बाकीचे हसले, आणि त्यातल्या एकानं संध्याकाळी आमच्या घरावरून जाताना आबांना हाक मारली की पुढल्या बाजाराला एक खोंड बघायचाय, या. आबांना खरंच नवी खूण ठरवावी लागली. ती कोणती, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही.

पण त्यानं माझा काटा टळला नव्हता. आबा बाजाराला जाऊ लागले तरी माझ्याशी कामापुरतंच बोलत होते आणि बॉयलर पेटायला पंधरा दिवस राहिले होते. मी विहिरीच्या काठावर बसून सगळा खेळ परत रचला. आबांचं, बाजाराचं त्यात काही ठेवायचं नाही असं ठरवलं, टॉवेल सोडून. बोटं माझी. अंगठा म्हणजे जोर, पहिलं बोट म्हणजे चपळाई, करंगळी म्हणजे लबाडी. जेवढी बोटं दाबाल तेवढं स्वतःचं पणाला लावाल, आणि बोलण्यात हरलात तर तेवढं जाईल. आणि एक नियम सगळ्यांच्या वर. तोंड काय वाटेल ते बोलो, बोटानं खोटं बोलायचं नाही. मी डाव्या हातात उजवा हात घेऊन एकट्यानंच इतके सामने खेळलो की माझा डावा हात उजव्याशी आठ दिवस बोलत नव्हता.

अमावास्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, त्यामुळं दुपारी सगळे घरी होते. मी घोंगडी अंथरली. आत्या तांड्याची म्होरकीण, आई वाटाडी, दिगू चोर. सात बैलांचा तांडा घेऊन ते घाट चढले. आबा बाहेर ओट्यावर तागाचं दावं वळत बसले होते, आमच्याकडं पाठ करून. मी रांजणातून राक्षसाला बाहेर काढला, गुडघे चोळत, आणि त्यानं सातातले पाच बैल टोल मागितला. आत्यानं टॉवेलाखाली हात घातला. लढाईला आत्या वाघीण, पण बोलणीत तिला काडीची अक्कल नव्हती. राक्षस पाच म्हणाला की ती चिडून म्हणायची, घे मेल्या सहा, आणि वर थोबाडीत. दिगू कपाळाला हात लावून बसला होता. आई म्हणत होती, राक्षसाला आधी बसायला तरी पाट द्या.

"दात बघितलं का त्याचं?"

आबा वळले नव्हते. हातातलं दावं तसंच चालू होतं. आत्या म्हणाली, कुणाचं? आबा म्हणाले, "त्याचंच. रांजनातल्याचं. दात बघितल्याबिगर कुनी बोलनी करतं व्हय?"

आत्यानं मला जबडा उघडायला लावला. मी जबडा उघडला, पण पाचशे पानी पुस्तकात राक्षसाचं वय दातांवरून कसं काढायचं ते कुठंच नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो, चार दाती. आमच्याकडं बैल चार दाती म्हणजे जवान, अंगात रग असलेला, पण अजून पुरता न भरलेला.

आबांनी दावं खाली ठेवलं. "चार दाती. म्हंजी आजून जुळला बी न्हाई, दात पुरं आलं न्हाईत. आन् असल्या पोराला तुमी पाच बैल देताय." ते आत आले, घोंगडीवर बसले, आत्याला बाजूला सरकवलं आणि टॉवेलाखाली हात घातला. आत्यानं त्यांना माझी बोटं समजावून सांगितली. त्यांनी एकदाच ऐकली. मी लहान असताना जत्रेत धरला होता, त्यानंतर आबांचा हात हातात घेतला तो तेव्हा. तळव्याला दाव्याचे घट्टे, दगडासारखे. पण बोटं हलकी, गाईच्या कासेवर ठेवतात तशी.

मी अंगठ्यासकट चार बोटं दाबली. आबांनी एकही दाबलं नाही. तोंडानं गप्पा सुरू केल्या. घाटात पाणी किती लांब, रांजण उन्हाळ्यात तापतो का. मग अगदी सहज विचारलं, "तुजा बाप कुठंय रं? घाटाचा टोल बापच घेत आसंल आधी."

मी म्हणालो, "बाप खाली असतो. तो म्हणतो, रांजण सोड, खाली ये, कारखान्यावर सोय लावलीय."

आईनं पदर तोंडाला लावला. दिगू एकदम छताकडं बघायला लागला. टॉवेलाखाली आबांचा हात थांबला होता, पण त्यांनी तो काढला नाही.

"आन् तुला काय पायजे?"

"मला इथंच राहायचंय, रांजणात."

"गुडघं दुखत्यात ना?"

"दुखू देत."

बाहेर गिरणीचा पट्टा फटफटत होता. आजवर मी हा खेळ बेंगळुरूच्या मोठ्या सभागृहात खेळवला, परदेशी माणसांबरोबर खेळवला, एकदा तर शंभर माणसांना एकाच सतरंजीखाली हात घालायला लावला. पण खेळ चालतो की नाही हे कळायला मी अजून त्या तेवढ्या शांततेचीच वाट बघतो. फार क्वचित येते.

मग आबा म्हणाले, "मंग टोल कमी घे. नव्या धंद्यात पैल्या वर्सी गिऱ्हाईक तोडू न्हाई." आणि त्यांनी एक बोट दाबलं. करंगळी. मी पाचाचा राक्षस एका बैलावर उतरलो, आणि तोही बैल त्यांनी लंगडा दिला. आबा उठले, ओट्यावर गेले आणि दावं पुढं वळू लागले. 

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आत्या टॉवेल घेऊन ओट्यावर आली. एका अंगाला आबा बसवले, दुसऱ्या अंगाला मी, आणि स्वतः मधे उभी राहिली, दलाल म्हणून. आबांचा हात टॉवेलाखाली तिच्या उजव्या हातात, माझा डाव्या हातात, आणि एकाचं बोट ती दुसऱ्याच्या हातात पोचवणार. म्हणाली, काय बोलायचं ते बोटानं बोला, तोंडानं तुम्हा दोघांना जमत न्हाई. एक बोट म्हणजे एक वर्ष. खेळाला किती वर्षं द्यायची ते ठरवा, तोवर काट्याचं नाव काढायचं नाही. मी सगळी पाच बोटं दाबली. आबांनी मूठ वळली, म्हणजे काही नाही. मग आत्यानं माझी जी तारीफ सुरू केली ती मी जन्मात विसरणार नाही. चालीला सरळ हाय. मारका न्हाई. खांद्याला गळू न्हाई. खातो जास्त, पन ते तुमच्यावरच गेलंय. शिकवनीला जरा उशिरा आलं, पन एकदा वळन लागलं की मोडायचं न्हाई. आबा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होते, बाजारात बघतात तसंच, आणि मला खरोखर वाटलं की आता तोंड उघडायला सांगतात.

मी चारावर आलो. आबांनी मूठ उघडली, एक बोट. मी चारावरच राहिलो. हात घामानं निसटायला लागला तरी चारावर राहिलो. आत्या म्हणाली, उतर की मेल्या, मी म्हणालो, नाही. आबा म्हणाले, मग उठतो. उठले नाहीत. मी तीन केलं. आबा एकावरच. मग आत्यानं दोन्ही हात एकदम बाहेर ओढले आणि माझा हात आबांच्या हातावर मारला, सौदा झाल्यावर मारतात तसा. दोन, ती म्हणाली. मी म्हणालो, मी दोन म्हटलं नव्हतं. आबा म्हणाले, मी पण म्हटलं नव्हतं. आत्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि धुणं घेऊन विहिरीवर निघून गेली. टाळी पडली की सौदा फिरवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी त्याच दुपारी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर राक्षसाचे दात लिहून काढले.

आठदहा दिवसांनी कारखान्यावरचा एक माणूस स्कूटरवरून आमच्या दारात आला. आबांच्या ओळखीतला, ज्यानं माझी सोय लावली होती तोच. आईनं पाणी दिलं, गूळ दिला. मी आत घोंगडीवर वही पसरून बसलो होतो आणि दाराच्या फटीतून मला त्याचा बूट आणि आबांचे पाय दिसत होते. तो म्हणाला, बॉयलर पेटून चार दिवस झाले, काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, साहेब रोज विचारतात, तुम्ही शब्द दिला होता, पोरगं आलं कसं नाही? आजारीबिजारी आहे का?

"आजारी न्हाई," आबा म्हणाले. "त्याला दोन वर्सं येळ न्हाई."